आपला कागद आपल्या हाताने

माझ्या टायपिंगच्या दुकानाला दार नव्हतं, नुसतं शटर होतं आणि ते सकाळी नऊला वर गेलं की संध्याकाळपर्यंत वरच असायचं. तरी ते कधी समोरून आत आले नाहीत. उजवीकडच्या खांबाला लागून अंग चोरून उभे राहायचे, दोन बोटांनी खांबावर टकटक करायचे आणि मी मान वर केली की मगच आत पाऊल टाकायचे. दिवसातून चार वेळा आले तर चारही वेळा तसंच.

"काका, सरळ या की आत," एकदा वैतागून मी म्हटलं.

"सवय आहे बाई. एकतीस वर्षं कोर्टात बेलीफ होतो. समन्स घेऊन दारासमोर उभं राहिलं की घरातलं पहिलं जे काही येतं ते अंगावर येतं. कुणी पाणी फेकतं, कुणी कुत्रं सोडतं. बाजूला उभं राहिलं की ते सगळं पुढे निघून जातं. मग आपण कागद द्यायचा."

नव्या वसाहतीत असा एखादा निवृत्त माणूस तुम्हीही पाहिला असेल. मुलं कामाला, बायको नाही किंवा तिच्या तिच्या भजनी मंडळात, आणि हा घरात सोफ्यावर बसून कंटाळलेला. त्यातले बरेचसे सोसायटीच्या कमिटीवर जातात आणि लोकांना नकोसे होतात. आमचे काका कमिटीवर गेले नाहीत. ते माझ्या दुकानातल्या बाकावर बसले. तो बाक टायपिंग शिकायला येणाऱ्या मुलींसाठी होता. सहा महिन्यांत मुली उभ्या आणि बाकावर काकांची माणसं, अशी स्थिती आली. मी दुसरा बाक केला. त्यांचं नाव मला माहीत होतं, पण सेक्टरमध्ये ते कुणी वापरत नसे. सगळे बेलीफकाका म्हणायचे.

हे पंचाण्णव-शहाण्णवचं कोपरखैरणे. सगळेच नवे. कुणी गिरगावातून आलेलं, कुणी साताऱ्याहून, कुणी सावंतवाडीहून. शेजारच्याला आपण कोण आणि आपल्याला शेजारचा कोण, याचा पत्ता नाही, त्यामुळे भांडायची फार सोय. वरच्याच्या बाथरूमचं पाणी खालच्याच्या छतात, एकाची स्कूटर दुसऱ्याच्या खिडकीखाली, तिसऱ्याचा कुत्रा चौथ्याच्या पायपुसण्यावर. आणि या सगळ्या इमारतींच्या मधोमध बोनकोड्यासारखी जुनी गावं. तिथल्या लोकांच्या पिशवीत वेगळे कागद: गेलेल्या जमिनीचे सातबारे, वारसाचे दाखले, रेशनकार्डातलं राहिलेलं नाव, विधवेचं पेन्शन. फ्लॅटवाले आणि गाववाले एकमेकांशी फारसं बोलत नसत, पण अर्ज टाइप करायला दोघांनाही माझ्याकडेच यावं लागे.

काकांची पद्धत ठरलेली होती. समोरच्याला आधी सगळं बोलू द्यायचं. रडायचं असेल तर रडू द्यायचं, शिव्या द्यायच्या असतील तर माझ्याकडे पाहून "बाई, तुम्ही जरा मशीन चालू ठेवा" म्हणायचं. दहा-पंधरा मिनिटं झाली की चष्मा पुसून विचारायचं, "झालं? आता तारखा सांगा."

मग ते मजकूर सांगत आणि मी टाइप करी. एका प्रोफेसरीणबाईंनी वरच्या मजल्यावरच्या माणसाबद्दल हाताने लिहून आणलेल्या अर्जात 'नीच' हा शब्द तीनदा होता.

"तीनही काढा बाई," काका मला म्हणाले.

"का? आहेच तो नीच," प्रोफेसरीणबाई म्हणाल्या.

"असेल. पण तसा दाखला कुठलं ऑफिस देत नाही. पाणी कुठल्या तारखेपासून गळतंय ते लिहा. पाण्याला नीच म्हणावं लागत नाही, ते दिसतं."

इथपर्यंत कुणीही शहाणा कारकून करील. खरी मेख पुढे होती. अर्ज, तक्रार, नोटीस काहीही असो, ज्याचं भांडण त्यानेच ती समोरच्याच्या हातात नेऊन द्यायची आणि त्याची सही घ्यायची. पोस्टाने नाही, वॉचमनबरोबर नाही, दाराखालून सरकवून तर मुळीच नाही. "आपला कागद आपल्या हाताने," हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकायची. आणि माणूस परत आला की त्याचं पहिलं स्वागत, "पोच घेतली?"

लोक चिडत. "त्याच्या दारात मी जाऊ?"

"हो. नाहीतर भांडण जपून ठेवा. वर्षाने लागेल तेव्हा काढा."

मला वाटायचं, हा जुन्या नोकरीचा खाक्या आहे. जन्मभर लोकांचे कागद लोकांच्या दारात नेले, आता लोकांना न्यायला लावतोय. मी तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "बाई, एकतीस वर्षांत मी हजारो समन्स दिली. त्यातल्या कितीतरी वेळा दार उघडणारा मला म्हणाला, 'अहो, हे त्यांनी मला येऊन सांगितलं असतं तर.' ते मी कुणाला कळवू? माझ्या रजिस्टरात त्याला रकाना नव्हता."

प्रोफेसरीणबाई नोटीस घेऊन वर गेल्या त्या पाऊण तासाने खाली आल्या. हातात सही केलेली प्रत होती आणि एका डब्यात साबुदाण्याची खिचडी. वरच्या माणसाला तीन महिने ठाऊकच नव्हतं की खाली गळतंय. या बाई जिन्यात त्याच्याकडे रागाने बघायच्या, तेव्हा त्याला वाटायचं, प्रोफेसर लोक असेच असतात.

प्रत्येक वेळी खिचडी मिळत नसे, हेही सांगते. दोन चुलतभाऊ एका भिंतीवरून नोटीस देताघेता मारामारीवर आले आणि एकाच्या भुवईवर टाके पडले. काका दोघांनाही रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले आणि टाके घालून होईपर्यंत दुसऱ्याला बाहेर बसवून ठेवलं. संध्याकाळी दुकानात आले तेव्हा मी काही विचारलं नाही, नुसतं पाहिलं.

"घेतली," ते म्हणाले आणि खिशातून सही असलेली प्रत काढली. तिच्यावर आयोडीनचा डाग होता.

माझंही एक प्रकरण होतं. शेजारच्या टेलरने दुकानाला पुढे पत्रा काढला आणि माझा बोर्ड निम्मा झाकला गेला. 'मराठी-इंग्रजी टायपिंग' मधलं नुसतं 'टायपिंग' दिसायचं. मी काकांना म्हटलं, तुम्हीच सांगा त्याला, रोज भेटतो तुम्हाला. त्यांनी कार्बन घालून माझ्याच मशीनवर मला माझीच नोटीस टाइप करायला लावली आणि शेजारी पाठवलं. आठ पावलं होती. तितकी लांब आठ पावलं मी पुन्हा चालले नाही. टेलरने कात्री खाली न ठेवता सही केली आणि म्हणाला, "भाभी, पत्रा परवा काढतो. ते मुलीचा बायोडाटा टाइप करून मिळेल काय? स्थळं बघतोय." पत्रा निघाला. बायोडाटा मी चांगल्या कागदावर करून दिला.

काका वकील नव्हते आणि तसा आव त्यांनी आणला नाही. प्रकरण हाताबाहेरचं दिसलं की ते माणसाला ठाण्याला मोफत सल्ला मिळायचा तिथे घेऊन जात. जाताना कागद तारखेप्रमाणे लावून, कोपऱ्यात टाचणी मारून. "वकील लागेल की नाही, एवढंच मला कळतं," ते म्हणायचे. तेवढंही फार थोड्यांना कळतं, असा माझा अनुभव आहे.

आता हिराबाईंचं सांगते, कारण काका म्हटलं की मला त्याच आठवतात.

बोनकोड्याच्या हिराबाई साठीच्या पुढच्या. नऊवारी गुडघ्यापर्यंत नेसलेली, अंगाने काटक, आवाज खणखणीत. नवरा जाऊन वर्षं झाली होती, मूल नव्हतं. पुतण्याच्या घराच्या पडवीत राहायच्या, म्हणजे सासरकडच्या पुतण्याच्या. निराधार पेन्शनचा अर्ज करायला आल्या. बोलून झालं, तारखा झाल्या, तशा तारखा त्यांना सांगता येत नव्हत्याच, आणि मग काकांनी नेहमीचा प्रश्न विचारला. बाईमाणूस अर्जाला आली की हा प्रश्न ते विचारतच.

"माहेरचं नाव?"

"चांगुना. पन तो आता कोन म्हनतं? लगीन झाला तवा हिरा केला."

"माहेर कुठलं?"

"नावडं."

काकांनी ते वहीत लिहून घेतलं. लग्नात सुनेचं नाव बदलायची आपल्याकडची रीत. माझंही बदललं होतं. मला त्यात लिहून घेण्यासारखं काही वाटलं नाही.

काकांना आणखी एक खोड होती. कुठल्याही सरकारी ऑफिसात गेले की तिथला नोटीसबोर्ड डावीकडून उजवीकडे पूर्ण वाचायचे, आपला संबंध असो वा नसो. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाच्या कामाला पनवेलला गेले. शहरासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना साडेबारा टक्के भूखंड परत द्यायची योजना तेव्हा जोरात होती. वारसांच्या याद्या लागत, हरकती मागवत. परत आल्यावर काका खांबाशी टकटक करून आत आले, पण बसले नाहीत.

"बाई, नावड्याच्या यादीत एक चांगुणा आहे. बापाचं नाव हिराबाईंच्या बापाचंच. पुढे लिहिलंय, मयत."

"मग?"

"मग ही मेलेली बाई परवा याच बाकावर बसून चहा प्यायली."

यादी दिली होती हिराबाईंच्या भावाच्या मुलाने, अनंताने. भाऊ गेला होता, अनंता एकुलता एक. रेती-खडीचा धंदा, जीप, घरावर दुसरा मजला. मी लगेच ठरवून टाकलं की माणूस लबाड आहे, आत्याला मारून भूखंड घशात घालतोय. काका म्हणाले, "थांबा. आधी बाईंना विचारू."

हिराबाई ऐकून हसल्या. "शिमग्याला त्याच्याच घरी जेवून आयले मी. सोता वाढला त्यानी. आनि मेली लिवतंय?"

"त्याला तुमचं हे नाव माहीत आहे का?" काकांनी विचारलं.

हिराबाई विचार करू लागल्या. अनंता जन्मला तेव्हा त्यांच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती. माहेरी आई, भाऊ, भावजय सगळे हिराच म्हणत. ज्यांनी चांगुणा म्हणून हाक मारली असती ते सगळे तोवर गेले होते किंवा ती हाक विसरले होते. अनंताने सातबाऱ्यावर आजोबांच्या नावाखाली चांगुणा वाचलं. त्या काळी घरोघर लहान मुली जायच्या. त्याला वाटलं, त्यातलीच एक. त्याने शपथेवर लिहून दिलं, मयत, वारस नाही. आणि त्याच दुपारी हिरा आत्याला सुके बोंबील पाठवले असतील, सांगता येत नाही.

"तुम्हाला हवंय काय नक्की?" काकांनी विचारलं. हाही त्यांचा ठरलेला प्रश्न. पुष्कळांना त्याचं उत्तर देता येत नाही.

हिराबाईंनी लगेच दिलं. "एक खोली. माज्या नावाची. पडवीन मना कुनी 'उठ' नाय म्हनत, पन 'बस'बी नाय म्हनत."

हरकत टाइप झाली. एक प्रत ऑफिसात, एक अनंताला. आणि अर्थातच, आपला कागद आपल्या हाताने. मी काकांना बाजूला घेऊन सांगितलं की म्हातारीला एकटीला पाठवू नका, तो माणूस काय करील नेम नाही. काका म्हणाले, "भाच्याचं घर आहे ते तिचं. मी गेलो तर कोर्टाचा माणूस गेला असं होईल." मग स्वतःच तिला बसमध्ये बसवून आले आणि दिवसभर माझ्या बाकावर बसून राहिले. त्या दिवशी त्यांनी कुणाचाच अर्ज धड सांगितला नाही. एका माणसाच्या रेशनकार्डाच्या अर्जात नवी मुंबईच्या जागी नावडे घातलं, ते मी दुरुस्त केलं.

हिराबाई दुसऱ्या दिवशी आल्या. रात्री भाच्याने ठेवून घेतलं होतं. कोलीम, वालाची आमटी, तांदळाची भाकरी, सगळा मेनू सांगून झाला.

"पोच?" काका म्हणाले.

त्यांनी चोळीतून घडी काढली. सही होती. वर अनंताने आपल्या हाताने दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या मी अजून विसरले नाही. 'हिरा ही माझी सख्खी आत्या आहे, माझ्या आजोबांची मुलगी आहे. चांगुणा ती नव्हे. आत्याला कोणीतरी फसवत आहे.'

"बगा," हिराबाई म्हणाल्या, "मना म्हनतो, आत्या, तुला कुनी फशिवला? मी म्हनली, तो टायपिंगवालीच्या दुकानान बसतंय तो."

मी कपाळाला हात लावला. काकांनी मात्र तो कागद दोन्ही हातांत धरला आणि पुन्हा पुन्हा वाचला. "बाई, अर्धं काम त्यानेच करून दिलं. हिराबाई आजोबांची मुलगी आहे, हे मला चार साक्षीदारांकडून वदवून घ्यावं लागलं असतं. ते विरुद्ध बाजूने लिहून दिलं, सही करून. पोस्टाने पाठवलं असतं तर हे आलं असतं?"

आता एवढंच दाखवायचं राहिलं की हिरा आणि चांगुणा एकच. आणि तिथेच अडलं. सुनावणीला तीन आठवडे. ही बाई शाळेत गेली नव्हती. जन्माची नोंद सापडली नाही. रेशनकार्डावर हिराबाई, नवऱ्याच्या कागदावर हिराबाई. लग्नपत्रिका त्या काळी त्या घरात कोण छापणार? नावड्यातली तिच्या वयाची माणसं उरली नव्हती. जी होती ती म्हणाली, हिरा ठाऊक आहे. ऑफिस रेकॉर्डावर चालणार. रेकॉर्डात चांगुणा मेलेली आणि हिरा नाहीच. म्हणजे जिवंत बाईला नाव नाही आणि नाव आहे ती बाई मेली.

मी काकांना हिरमुसलेलं पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी नवे प्रश्न काढले. लग्नात कोण कोण होतं? भटजी कोण? हिराबाई म्हणाल्या, "बामन आयलेला, तो कवाच मेला. पन लगीन तं धवलारनीनी लावला."

मी तोवर वर्षानुवर्षं आगरी लोकांचे अर्ज टाइप करत होते आणि मला ठाऊक नव्हतं. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण असते. जाणती बाई. ती धवले गाऊन लग्न लावते. हळदीपासून मांडवापर्यंत सगळं तिच्या गाण्यावर चालतं आणि गाण्यात नवरानवरीची, त्यांच्या आईबापांची, मामाची, गावाची नावं गुंफावी लागतात.

"आहे का ती?" काकांनी विचारलं.

"हाय तं. दिसत नाय तिला. पन हाय."

काका दुसऱ्याच दिवशी हिराबाईंबरोबर जाऊन तिला घेऊन आले. ऐंशीच्या आसपासची, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण दुकानात शिरताच म्हणाली, "हितं लोखंड बोलतंय." माझ्या मशीनला. प्रतिज्ञापत्र टाइप करताना 'धंदा' या शब्दापुढे मी थांबले. शेतमजूर लिहू? घरकाम?

"धवलारीण लिहा," काका म्हणाले.

"तो धंदा आहे?"

"एवढ्या लोकांची लग्नं लावली, धंदा नाही तर काय आहे?"

सुनावणीला दुकान बंद करून मीही गेले. टाइप मी केलं होतं, शेवट बघायचा हक्क होता. साहेब तरुण होते, विदर्भातले, सभ्य. एका बाजूला अनंता, पांढरा शर्ट, कपाळावर घाम. मला लबाड माणूस पाहायचा होता. समोर एक भाबडा, घाबरलेला माणूस होता. त्याला कुणीतरी सांगून ठेवलं होतं की शपथेवरचं लिहिलेलं खोटं ठरलं तर जेल होते. तो आत्याकडे बघत नव्हता. आत्या त्याच्याकडे बघून "जेवलास काय रं?" असं विचारत होती.

साहेबांनी प्रतिज्ञापत्र वाचलं. "धवलारीण म्हणजे?"

काकांनी सांगितलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आजी, याला काही पुरावा आहे का? कागद, फोटो?"

"पुरावा मी हाय," धवलारीण म्हणाली.

"पन्नास वर्षांपूर्वीचं एक लग्न तुम्हाला कसं आठवतं? किती लग्नं लावली असतील तुम्ही."

"बोलून नाय आठवत. गाऊन आठवतं."

"मग गा," साहेब म्हणाले. मला वाटतं, ते थट्टेने म्हणाले.

ती गायली. आवाज आधी खोल होता, मग वर चढत गेला. बाहेरची टाइपरायटरं एकेक करून थांबली, हे मी आधी टिपलं, सवयीने. दारात माणसं जमली. नावड्याचा मांडव, बापाचं नाव, मामाचं गाव, हळद कुणी लावली, वऱ्हाड खाडीतून होडीने आलं, सगळं एकामागून एक येत गेलं आणि मग ती ओळ आली:

"बापाघरची चांगुना गो, मांडवान आयली,
सासूबायनी ओटी भरून हिरा नाव ठेयली."

हिराबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या.  मग साहेबांना आपण साहेब असल्याचं आठवलं असावं. "हे आजींना आता कुणी शिकवलेलं नाही कशावरून?"

धवलारणीने त्यांच्याकडे, म्हणजे त्यांच्या आवाजाकडे, तोंड केलं. "मंग दुसरी कुनाची इचारा."

दारात ऑफिसचा शिपाई उभा होता, तिकडच्याच गावचा. साहेबांनी त्याला आत बोलावलं. म्हातारीने त्याच्या बापाचं आणि गावाचं नाव विचारून घेतलं, दोन ओळी गुणगुणल्या आणि त्याच्या आईचं माहेरचं नाव सांगितलं. शिपाई म्हणाला, "बरोबर हाय साहेब. मामा त्याच नावानी हाक मारतो."

तेवढ्यात अनंता बोलला. इतका वेळ तो मान खाली घालून होता. "आजी, माज्या आयचा लगीन कोनी लावला?"

"तुजी आय? अरे, तिलाबी मीनीच उजवली. जानकी ती. तुमच्यान येऊन पार्वती झाली."

अनंताने आईला सगळ्या कागदांवर पार्वतीच पाहिलं होतं. ती जाऊन चार वर्षं झाली होती.  तो टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाला, "साहेब, लिवा. आत्या हाय ती माजी. चांगुना तीच. मना म्हाईत नव्हता." आणि लगेच घाईने, "पन मना आता आत टाकनार काय?"

काकांनी पिशवीतून एक कागद काढून त्याच्यापुढे सरकवला. दुरुस्तीचा अर्ज होता. 'नाव बदलल्याची माहिती नसल्याने चुकून मयत अशी नोंद केली, ती दुरुस्त करावी.' तो मीच टाइप केला होता, सुनावणीच्या तीन दिवस आधी. तेव्हा मी काकांना विचारलं होतं की आपण हरकतदाराच्या बाजूचे, समोरच्याचा अर्ज आपण कशाला करायचा? ते म्हणाले होते, "त्याला परत यायला वाट नको का? पुढच्या शिमग्याला बाईंना जेवायला वाढणार कोण?"

अनंताने सही केली. साहेबांनी दोन्ही कागद वाचले आणि त्यांच्या हाताखालच्या कारकुनाला विचारलं, "व्यवसायाच्या रकान्यात धवलारीण असं आपण कधी घेतलंय का?" कारकून म्हणाला, नाही. "घ्या," साहेब म्हणाले.

व्यक्तिचित्र वाचताना शेवटी माणूस जाणार, हे तुम्ही गृहीत धरलं असेल. काका गेले ते मिरजेला, मुलीकडे, पुढच्या दिवाळीनंतर. अर्ध्या टेम्पोतही भरलं नाही इतकं सामान. जाण्याआधी आठवडाभर त्यांनी बाकी राहिलेली प्रकरणं मला समजावून दिली, जणू मी त्यांची कोर्टातली बदली. मी म्हटलं, मला तुमचा धीर नाही, मी फक्त टाइप करते. पण लोक यायचे थांबले नाहीत आणि बाकही मी काढला नाही, त्यामुळे 'आता तारखा सांगा' हे मला म्हणावंच लागलं. काही वर्षं त्यांची पत्रं येत होती, मग थांबली. पुढचं मला ठाऊक नाही. आणि नीट चौकशी केल्याशिवाय तो 'मयत' शब्द कुणाच्या नावापुढे लिहायचा नाही, एवढं मी त्या वर्षी शिकले.

काका जायच्या आधी सुधारलेली यादी लागली तेव्हा आम्ही तिघं पनवेलला गेलो होतो. काचेमागे कागद, कागदापुढे ही मोठी रांग. हिराबाईंना वाचता येत नव्हतं. काकांनी त्यांचं बोट धरून काचेवर ती ओळ दाखवली: चांगुणा ऊर्फ हिराबाई.

"यातला आधीचा कंचा?"

काकांनी बोट थोडं डावीकडे नेऊन सोडलं. त्या तिथेच टेकून राहिल्या. श्वासाने काच धुरकट झाली. मागचा माणूस पाय बदलत होता, घड्याळ बघत होता. शेवटी म्हणाला, "आजी, झाला ना तुमचा? सरका ना पुढं."

हिराबाईंनी बोट न काढता मान मागे वळवली. "थांब रं," त्या म्हणाल्या. "आत्ताच तं आयली मी."

काका हसायला लागले. मी त्यांना मोठ्याने हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. इतके हसले की चष्मा काढून शर्टाच्या टोकाने डोळे पुसावे लागले, आणि तो रांगेतला माणूस, त्याला काहीच ठाऊक नसताना, तोही हसायला लागला.